पेशीला शिस्त नाही

"काडीची शिस्त नाही! खायला दिलं, ऊब दिली, दर तीन दिवसांनी घर बदलून दिलं, तरी वागायचं ते आपल्याच मनानं."

मी दादाच्या पाठीला पाठ लावून उभी होते, हातात धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे. ती खोली एवढीशी आहे, की आत दोन माणसं असली तर एकानं श्वास घ्यायचा आणि दुसऱ्यानं सोडायचा. त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. आधी वाटलं, हे मला उद्देशून आहे. मग वाटलं, वहिनीला. पण वहिनी गेली दहा वर्षं 'स्वयंपाकघराला निदान रंग तरी द्या' म्हणून मागे लागली आहे, तिला कुणी दर तीन दिवसांनी घर बदलून दिल्याचं ऐकिवात नव्हतं. वळून पाहिलं, तर दादा सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेला, आणि खाली बशीत, गुलाबी पाण्यात, काही लाख पेशी हातपाय पसरून निवांत पडलेल्या.

"काय केलं त्यांनी?" मी विचारलं.

"नेहमीचंच. काही झालंच नाही असं दाखवतायत."

"म्हणजे घरच्यांवर गेल्यात."

"बुटके, तू बाटल्या लाव."

बुटकी म्हणजे मी. वय बावन्न, उंची सांगण्यासारखी नाही. दादा ह्या प्रयोगशाळेचा प्रमुख, मी त्याची धाकटी बहीण आणि इथली मदतनीस. पंचवीस वर्षांपूर्वी माझा संसार दोन सुटकेसमध्ये मावेल एवढाच उरला, तेव्हा दादा मला न्यायला आला. वाटेत एकही प्रश्न विचारला नाही. घराच्या दाराशी आल्यावर म्हणाला, "आठवडाभर बाटल्या धुवायला येतेस का? माणूस रजेवर आहे." तो आठवडा अजून संपायचा आहे.

दादाचं आणि पेशींचं भांडण काय, ते आधी सांगून टाकते. फार अवघड नाही. अवघड करून सांगायचे पगार दुसऱ्यांना मिळतात.

पेशीच्या पोटात डीएनए असतो, तो सगळ्यांना ऐकून माहीत आहे. त्यातल्या मजकुराची कामापुरती नक्कल होते, तिला आरएनए म्हणतात. पण ही नक्कल म्हणजे आमच्या वहिनीचं बोलणं. वहिनीला विचारा, "बल्ब आणलास का?" ती सांगणार, "बल्ब ना, तर मी निघाले, तेवढ्यात खालच्या मजल्यावरची भेटली, तिच्या मुलीचं ते फिसकटलं म्हणे, मग पाय दुखायला लागला म्हणून जरा टेकले, तर तो दुकानदार, नाही मिळाला." ह्यातलं कामाचं काय? 'बल्ब' आणि 'नाही मिळाला'. मधला फापटपसारा कापायचा आणि दोन टोकं जोडायची. पेशी हेच करते, अक्षर न चुकता, रात्रंदिवस. ह्या काटछाटीला स्प्लायसिंग म्हणतात, आणि दादाचं अख्खं आयुष्य त्यात गेलं.

बावीस वर्षांपूर्वी दादानं शोधून काढलं, की ह्या कापाकापीला एक विशिष्ट प्रथिन लागतंच लागतं. त्याचं खरं नाव आकडे आणि अक्षरं मिळून गाडीच्या नंबरासारखं आहे. आम्ही त्याला मुकादम म्हणतो. मुकादम हजर असला की काटछाट होते, नसला की सगळे कामगार हातावर हात ठेवून बसतात. हा दादाचा नियम. पाठ्यपुस्तकात पान भरून आकृती आहे, आणि संस्थेच्या नव्या इमारतीच्या दारावर ती पितळेत ओतून लावायचं ठरलंय. दादा निवृत्त व्हायच्या आत.

ते सगळे प्रयोग माझ्या हातचे, म्हणून मला ठाऊक आहेत. आणि ते झाले नळीत.

नळीत म्हणजे कसं? आधी मोठमोठ्या बाटल्यांतून पेशी वाढवायच्या, जोपासायच्या, त्यांचं हवं-नको बघायचं, आणि चांगल्या अंगानं भरल्या की मारायच्या. मीठ कमी असलेल्या पाण्यात टाकल्या की त्या फुगतात. मग काचेच्या नळकांड्यात काचेच्याच दांड्यानं दहा वेळा खालीवर. अकरा नाही. अकराव्याला केंद्रकं फुटतात आणि सगळ्याचा चिकट लगदा होतो. आठव्याला थांबलं तर निम्म्या पेशी शाबूत. हे दहा मला कुणी शिकवले नाहीत, मनगटाला कळले. मग त्या केंद्रकांतून मिठाच्या पाण्यानं आतलं सगळं सामान बाहेर ओढायचं. ह्याला अर्क म्हणतात. ज्यात घर नाही, भिंती नाहीत, कोण कुठे बसायचं ह्याचा पत्ता नाही, नुसतं सामान रस्त्यावर मांडलेलं.

आरएनए मात्र आम्ही वेगळा बनवतो. वेगळ्या नळीत, जंतूंना लागणाऱ्या एका विषाणूचं उसनं यंत्र वापरून. तो धुवायचा, मोजायचा, स्वच्छ करायचा. खऱ्या जनुकातला मधला तुकडा नऊ हजार अक्षरांचा आहे. तो आमच्या नळीत काही केल्या कापला जाईना, म्हणून आम्ही तो दोनशे अक्षरांचा केला. शोधनिबंधात लिहिलं, 'सोयीसाठी'. मग हा न्हाऊमाखू घातलेला आरएनए अर्कात सोडायचा, तीस अंशांवर ठेवायचा आणि दीड तास वाट बघायची. दीड तासानं तिसरा हिस्सा कापला गेला, तर आम्ही एकमेकांचे हात हातात घेतो. जिवंत पेशी हेच काम मी हात धुऊन पुसेपर्यंत उरकते आणि कुणाकडे शाबासकी मागत नाही.

तर नळीत मुकादम काढून घेतला की काटछाट बंद. दर वेळी. त्यात खोट नाही. आणि जिवंत पेशीत मुकादम बंद पाडला की?

काही नाही. पेशी खातात, वाढतात, दुप्पट होतात, कापतात, जोडतात. मुकादम कुठाय म्हणून चौकशीही करत नाहीत.

आमच्याकडे ह्यावर एक उपाय आहे. दर सोमवारी बैठक होते. निकाल नियमाला धरून आला की दादा म्हणतो, "छान." नसला की म्हणतो, "पुन्हा करा." आणि तो कागद 'पुन्हा' नावाच्या फायलीत जातो. एक फाईल भरली की दुसरी. आता अकरा आहेत. चहाच्या टेबलाशेजारच्या कपाटात उभ्या ठेवल्यात, कपाटाला कुलूप नाही, काही नाही. त्याच्यावर आम्ही बिस्किटांचा डबा ठेवतो. लपवाछपवी म्हणून कुणी बोट दाखवू शकणार नाही, इतकं ते उघड्यावर आहे.

पेशींत नियम का दिसत नाही, ह्याची कारणंही वेळोवेळी सापडली. आधी पाणी वाईट होतं. पाणी बदललं. मग पेशींचं खाणं. मग इन्क्युबेटर. मग तीन वर्षं माझ्या बाटल्या. त्यांना साबण राहतो असं निघालं. मी म्हटलं, "त्याच बाटल्यांतल्या पेशींचा अर्क चालतो ना?" तर होयबा म्हणाला, "ताई, तो वेगळा मुद्दा आहे."

होयबा म्हणजे दादाचा पहिला विद्यार्थी, आता इथला दुसऱ्या नंबरचा. मनानं वाईट नाही. दादाचं वाक्य संपायच्या आत त्याची मान दोनदा हललेली असते, एवढंच. त्याच्यानंतर चार जण ह्याच प्रश्नावर काम करायला आले. एक विमा विकतो. एक परदेशी गेली आणि कार्डसुद्धा पाठवत नाही. एक शाळेत शिकवतो आणि म्हणे रात्री झोप लागते. चौथ्यानं दादाला हवं तसं लिहून दिलं, तो आता मोठा माणूस आहे. आणि पाचवी मुंगी.

मुंगी म्हणजे आवाज न करता, रांग न सोडता, स्वतःच्या वजनाच्या दसपट ओझं नेणारी मुलगी. सात वर्षं झाली तिला. आली तेव्हा वेणी होती, मग केस कापले, आता त्यांत चार पांढरे दिसतात. एका बालरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिची जागा ठरली आहे. ज्या लेकरांच्या पेशींत ही काटछाट चुकते, त्यांच्या रक्ताची तपासणी करायची. पण अट एक, पदवी हातात हवी. पदवीसाठी प्रबंध हवा, प्रबंधावर दादाची सही हवी, आणि तिच्या नोंदणीची मुदत त्या आठवड्याच्या शुक्रवारी संपत होती. शुक्रवार उलटला की सात वर्षं गुंडाळून घरी न्यायची.

दादानं सही नाकारली नव्हती हो. दादा तसा नाही. त्यानं फक्त शेवटच्या प्रकरणात पेन्सिलीनं, हलक्या हातानं, एक वाक्य घातलं होतं: 'जिवंत पेशींतही मुकादमाची गरज दिसून आली, मात्र परिणाम सौम्य होता.'

"सौम्य म्हणजे किती, सर?" मुंगीनं विचारलं होतं.

"सौम्य म्हणजे सौम्य."

"मला काहीच दिसला नाही."

"म्हणून तर सौम्य म्हणतोय," दादा म्हणाला, आणि होयबाची मान हलली.

तो पेशींवर चिडला होता तो शनिवार. रविवारी दुपारी आम्ही तिघं घरी जेवायला बसलो. आमच्या घरात जेवताना कुणी आपलं वाक्य एकट्यानं पुरं केल्याचं मला आठवत नाही.

दादा म्हणाला, "काल संचालक म्हणाले, की नव्या इमारतीच्या दारावर—"

"—पितळी चित्र. सांगून झालंय," वहिनी म्हणाली.

"चित्र नव्हे, आकृती. आणि तिच्या उद्घाटनाला त्यांच्या मनात—"

"—कुणीतरी मोठा बोलवायचाय, आणि त्याला वेळ नाही," मी.

"आहे वेळ! पण त्याचं म्हणणं—"

"—हार नको. तेवढं बरं झालं. वन्सं, तुम्हाला अजून बटाटे वाढू?"

मी ताट पुढे केलं आणि तशीच राहिले. दादाचं वाक्य अजून तोंडातून बाहेर पडत होतं, शेपूट आत होतं, आणि पुढच्या भागाची काटछाट आम्ही करूनही टाकली होती. त्यानं 'पण' म्हणायच्या आत आम्ही कात्री घेऊन उभ्या. कारण आम्ही त्या टेबलाला जोडलेल्या आहोत, पंचवीस वर्षं. आता हेच वाक्य दादानं आधी पुरतं लिहून काढलं, धुतलं, वाळवलं, पाकिटात घातलं आणि पाच अनोळखी माणसांसमोर नेऊन टाकलं, तर? ती माणसं दीड तास एकमेकांकडे बघत बसतील. कुणी टोक धरायचं, कुणी कापायचं, सुरुवात कुठून. त्यांना आधी एक मुकादम लागेल.

आम्हाला बटाटे खाताना कुठे मुकादम लागला?

"वन्सं, वाढू का म्हटलं?"

"अं? वाढ."

"लक्ष कुठाय?"

"पेशींत."

"काय म्हणतात तुमच्या पेशी?" वहिनीनं दादाकडे बघून विचारलं.

"ऐकत नाहीत."

"बावीस वर्षं? बावीस वर्षं ऐकत नसतील तर अहो, मग त्यांचंच..." वहिनीनं दादाचा चेहरा पाहिला, आणि जगात पहिल्यांदाच स्वतःचं वाक्य स्वतः कापलं. "पाणी हवंय का कुणाला?"

सगळ्यांनाच हवं होतं. सगळे बराच वेळ पाणी प्यायलो.

सोमवारी बैठकीआधी मी मुंगीला गाठलं. ती नळ्यांवर आकडे घालत होती. मी माझा बटाट्यांचा शोध तिला सांगितला. तिनं ऐकून घेतलं, हसली नाही, आणि खणातून एक जुनी वही काढून पान उघडलं. त्यावर तेच होतं, बटाटे सोडून. पेशीतल्या आरएनए लिहिणाऱ्या यंत्राचं चित्र होतं, आणि त्याच्या शेपटाला लटकून कात्रीवाले चालले होते. नक्कल लिहून होत असतानाच काटछाट. खाली लिहिलं होतं: आरएनए बाहेर न बनवता अर्कातच बनवावा. पेशीचं स्वतःचं यंत्र अर्कात आहेच. डीएनए द्या आणि गंमत बघा. मुकादम काढून.

पानावरची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.

"केलं का नाहीस?"

"होयबासरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सरांना विचारून बघतो."

"मग?"

"अजून बघतायत."

"आणि तू गप्प?"

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही कमी-जास्त नव्हतं, पण मला उगीच एप्रनचं बटण लावावंसं वाटलं. "ताई, ह्या प्रयोगाला ताजा अर्क लागतो. जुन्यात ते यंत्र टिकत नाही. आणि अर्क तुमच्या हातचाच चालतो. तुम्ही सरांना विचारल्याशिवाय तो काढत नाही."

खरं होतं. पंचवीस वर्षांत मी दादाला विचारल्याशिवाय एक पेशी फोडली नव्हती. इमानदारी म्हणतात त्याला. दुसरंही काहीतरी म्हणत असावेत.

"किती लागेल?" मी विचारलं.

त्या दिवशी दुपारी मी न विचारता पेशी काढल्या. पेशी तळाशी बसवणारा सेंट्रिफ्यूज घरघरत होता तेव्हा होयबा डोकावला. "ताई, आज अर्क? सरांनी सांगितलं?"

"तू विचारून बघ ना."

तो गेला तो परत आला नाही. विचारायला गेला असणार.

काचेचा दांडा हातात घेतला. दहा. थांबले. नळकांडं बर्फात ठेवलं. त्यातल्या अर्ध्या अर्कातून मुंगीनं मुकादम उचलून काढला, बारीक मण्यांवर चिकटवून, दोनदा, मग खात्रीसाठी तिसऱ्यांदा. आणि मग त्याच रात्री आम्ही चार नळ्या मांडल्या. पहिल्या दोन नेहमीच्या: बाहेरून तयार करून आणलेला आरएनए, एकीत मुकादम आहे, एकीत नाही. पुढच्या दोनमध्ये नुसता डीएनए. आरएनए तिथल्या तिथे लिहायचा. त्यांतही एकीत मुकादम आहे, एकीत नाही. कापायचा तुकडा चौघींत तोच, आमचा सोयीचा. अर्क तोच, पाणी तेच, बाटल्याही त्याच, साबण असलेल्या.

निकाल जेलवर, म्हणजे एका थुलथुलीत पातळ वडीवर, काळ्या पट्ट्यांनी दिसतो. वरचा पट्टा म्हणजे अख्खा, खालचा म्हणजे कापून जोडलेला. बुधवारी संध्याकाळी मुंगीनं पडद्यावर चित्र आणलं आणि खुर्ची मागे सरकवली, मला नीट दिसावं म्हणून.

पहिली नळी, मुकादम आहे: कापलं. दुसरी, मुकादम नाही: अख्खं. दादाचा नियम ताठ उभा. तिसरी, तिथेच लिहिलेला, मुकादम आहे: कापलं, आणि जास्त कापलं. चौथी, मुकादम नाही.

कापलं. तिसरीइतकंच.

"आता सर पेशीला बेशिस्त म्हणू शकत नाहीत," मुंगी म्हणाली. "ह्यात पेशीच नाहीय."

मला त्या चार काळ्या रेघांत दादा दिसत होता. बावीस वर्षांपूर्वी पहिल्या दोन रेघा आल्या, तेव्हा तो जेल हातात धरून, थेंब गाळत, अख्ख्या कॉरिडॉरभर पळाला होता. मागून मी फडकं घेऊन.

गुरुवारी सकाळी बैठक घेतली. चारच माणसं, दादा, होयबा, मुंगी आणि कोपऱ्यात मी. मला बैठकीला बसायचं कारण नसतं, पण चहा कुणीतरी आणावा लागतो, म्हणून मला विज्ञान ऐकायला मिळतं. टेबलावर मुंगीचा प्रबंध होता, जाडजूड, पहिलं पान सहीसाठी उघडं. पडद्यावर चार रेघा.

मुंगीनं सांगितलं. पाच मिनिटांत, आवाज न चढवता. शेवटी म्हणाली, "एवढंच, सर," आणि निष्कर्ष सांगितलाच नाही. कोपऱ्यात मला कळलं की तीही घाबरलीय.

होयबानं मान पडद्याजवळ नेली.

"सुंदर जेल आहे," होयबा म्हणाला. कौतुक करायला त्याला दुसरं काही सापडलं नाही. "पण चौथ्या नळीत थोडा मुकादम उरला असेल, नाही का? काढताना राहून जातो."

"अर्क एकच होता," मुंगी म्हणाली. "दुसऱ्या नळीतही तोच घातला. तिथे उरला नाही, आणि चौथीत उरला?"

"तो वेगळा मुद्दा आहे."

"कसा, सर?"

होयबानं दादाकडे पाहिलं. मान हलायला तयार होती, पण कशावर हलायचं ते कळेना.

दादा चित्राकडे बघत होता. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून. मी त्याला जन्मापासून ओळखते. गणित चुकलेलं दिसलं की तो अस्साच पाटीकडे बघायचा, मग ओल्या बोटानं पुसून टाकायचा आणि आईला सांगायचा की पाटी खराब आहे. त्याला दिसलं होतं. कपाटातल्या अकरा फायलींपैकी एकही त्यानं न बघता आत टाकली नव्हती. प्रत्येक वेळी दिसलं होतं.

"पुन्हा करा," दादा म्हणाला.

"उद्या शेवटचा दिवस आहे, सर."

"माहीत आहे मला. मी तुझं नुकसान करतोय का? अजिबात नाही. ते वाक्य तेवढं घाल, मी आत्ता सही करतो. हे चित्र राहू दे. पुढे कुणीतरी येईल, नीट करेल, सावकाश." आवाज मऊ होता. त्याच आवाजात त्यानं मला एकदा आठवडाभर बोलावलं होतं. "चांगली मुलगी आहेस तू. एका वाक्यासाठी सात वर्षं घालवू नकोस."

"आणि परिणाम सौम्य होता असंच तर म्हणायचंय," होयबा म्हणाला. "कुणाचं काय जातंय?"

मुंगीनं प्रबंध जवळ ओढला. मग तिनं बॅग उघडली, आतून पेन काढलं आणि ते शेवटचं प्रकरण शोधायला लागली. मी मनातल्या मनात हिशेब केला: एक विम्यात, एक परदेशी, एक शाळेत, एक मोठा माणूस. पाचवी आता रुग्णालयात जाईल, आणि तिथे एखाद्या लेकराच्या रक्ताचा निकाल पुस्तकाशी जुळला नाही, तर ती काय म्हणेल? पुन्हा करा?

पेन्सिलीचं वाक्य सापडलं. तिनं पेनाचं टोपण काढलं.

मला काहीतरी खोचक सुचेल ह्याची मी वाट बघत होते. मला नेहमी सुचतं. पंचवीस वर्षं त्यावरच निभावलंय. टोमणा मारला की बोलल्यासारखं होतं, आणि बोलावंही लागत नाही. दादा हसतो, "बुटके, तू बाटल्या लाव" म्हणतो, मी लावते. त्या वेळी मात्र काही सुचेना. चहाचा ट्रे हातात जड झाला म्हणून मी तो टेबलावर ठेवला, बरोबर त्या पानावर, मुंगीच्या पेनाखाली.

"ताई?" होयबा म्हणाला. "प्रबंध आहे तो."

"बुटके, हे काय?" दादा म्हणाला.

"दादा," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही, कारण त्यात काही मिसळलेलं नव्हतं, "पेशीत मुकादम लागत नाही. कधीच लागत नव्हता. आपल्या नळीत आरएनए एकटा पडतो, म्हणून त्याला लागतो. तू चुकलास. मीही चुकले, कारण हात माझे होते. आणि हे तुला पहिल्या फायलीपासून ठाऊक आहे."